बाबासाहेब नेमके कशाचे डॉक्टर होते?



एप्रिल आला की शाळेत भाषणांच्या वह्या निघतात, डिसेंबर आला की पुन्हा त्याच निघतात. जन्म महूला, वडील सुभेदार, घटनेचे शिल्पकार, महापरिनिर्वाण दिल्लीला. मुलं घडाघडा म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, कार्यक्रम आटोपतो. राजापेठेतल्या माझ्या वर्गातल्या एका सहावीच्या मुलानं मात्र दोन वर्षांपूर्वी मला अडवलं. बाबासाहेब डॉक्टर होते तर ते सुई देत होते का, असं त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं. वर्ग हसला. मीही हसलो आणि त्यांनी परदेशात फार मोठ्या पदव्या मिळवल्या होत्या, एवढं सांगून पुढं गेलो.

घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पदव्या मिळवल्या हे मलाही पाठ होतं. त्या कशावर मिळवल्या, त्या प्रबंधात काय लिहिलंय आणि त्याचा आपल्या कापसाशी, आपल्या गावाशी काही संबंध आहे का, हे मला धड सांगता आलं नसतं. मग वाचत बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतोय. हे त्यांचं संपूर्ण चरित्र नाही, त्यांच्यातल्या संशोधकाची गोष्ट आहे.

१९१३ पासून सुरुवात करू. फेब्रुवारीत वडील रामजी सकपाळ वारले. भीमराव तेव्हा एकवीस वर्षांचे, नुकतेच बी.ए. झालेले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. जुलैमधे ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातलं.

तिथं त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी बघण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. म्हणजे या माणसाचा पहिला विषय कायदा नव्हता, अर्थशास्त्र होता. आपण मुलांना नेमकं हेच सांगत नाही. शिक्षकही एकाहून एक मिळाले. सार्वजनिक वित्ताचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणारे इतिहासकार जेम्स शॉटवेल. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचं अर्थकारण या विषयावरचा प्रबंध त्यांनी १९१५ मधे लिहिला. कंपनीचं राज्य पैशाच्या बाजूनं कसं चाललं, कर किती आला, गेला कुठं, कर्ज कोणाच्या डोक्यावर बसलं, याचा तो हिशेब आहे. मे १९१६ मधे गोल्डनवायझर यांच्या वर्गात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि त्याच वर्षी पीएच.डी.साठीचा प्रबंध पुरा केला. त्यातूनच पुढं १९२५ मधे त्यांचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक निघालं. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, पुस्तक अर्पण केलं सयाजीरावांना.

या पुस्तकातला प्रश्न आज आपल्यालाही सोडत नाही. दिल्लीनं किती पैसे ठेवायचे आणि राज्यांना किती द्यायचे? १८३३ पासून सगळी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हातात होती. प्रांतांनी खर्च करायचा आणि हिशेब मागणारा दूर बसलेला, त्यामुळं काटकसर करायचं कारणच कोणाला उरलं नव्हतं. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोनं काही खाती प्रांतांकडं सोपवली आणि तिथून वाटणी हळूहळू बदलत गेली. ती कशी बदलली, का बदलली आणि कुठं अडकली, हे आंबेडकरांनी अंदाजपत्रकांच्या आकड्यांतून काढून दाखवलं. केंद्र आणि राज्यांत पैसा कसा वाटायचा हे सुचवणारा वित्त आयोग आपल्या घटनेच्या २८० व्या कलमात आहे. ते कलम वाचताना मला न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातला तो विद्यार्थी आठवतो.

पुढं लंडन. १९१६ च्या ऑक्टोबरमधे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि नोव्हेंबरमधे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. पण १९१७ मधे शिष्यवृत्तीची मुदत संपली. पहिलं महायुद्ध जोरात होतं. अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्टमधे ते मुंबईला परतले. त्यांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं येत होती. ती बोट पाणतीराच्या माऱ्यानं बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, तेच बडोद्याला जायच्या खर्चाला उपयोगी पडले.

बडोद्याला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मुलांना सांगताना घाई करू नका. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. दुसरीकडं आसरा मिळेना म्हणून बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ज्या नोकरीसाठी करार केला होता, ती अशी संपली.

इथं मी थोडा थांबतो, कारण पुढचं लेखन आपल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक घराशी जोडलेलं आहे आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. १९१८ मधे भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा शेतीवर एक दीर्घ लेख आला. विषय होता तुकड्या-तुकड्यांची शेती आणि त्यावरचे उपाय. त्या वेळी सगळे तज्ज्ञ एकच सांगत होते, की शेताचे तुकडे पडतात म्हणून शेती परवडत नाही, तेव्हा तुकडे जोडा आणि शेतं मोठी करा. बडोदा सरकारनं त्यासाठी समितीही नेमली होती. आंबेडकरांनी विचारलं ते वेगळंच. शेत लहान की मोठं हे ठरवायचं कशावरून? नुसत्या एकरांवरून ते ठरत नाही. शेतकऱ्याकडं बैल किती, अवजारं किती, भांडवल किती, यावर ते ठरतं. बैलजोडी नसलेल्या माणसाला पाच एकर वावरही झेपत नाही, आणि सगळी साधनं असलेला माणूस तेवढ्याच वावरात चांगलं पिकवतो. खरा रोग पुढंच आहे असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं जगतायत. घरातल्या पाच जणांचं काम दोघं करू शकतात आणि उरलेले तिघं त्याच कमाईवर बसून खातात. ते आळशी आहेत असं नाही, त्यांना दुसरं काम नाही. म्हणून उपाय शेताबाहेर शोधायचा. कारखाने, उद्योगधंदे उभे राहिले तर ही माणसं तिकडं जातील आणि मागं राहिलेल्यांची शेतीही सुधारेल.

राजापेठेतून संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात तेव्हा मला हा लेख आठवतो. पोरं बॅगा घेऊन चढतात, मागं घरी चार-पाच एकर पऱ्हाटी असते. शंभर वर्षांपूर्वी सत्तावीस वर्षांच्या मुलानं लिहिलेलं निदान अजून जुनं झालेलं नाही, हे मला कौतुकाचं वाटत नाही, खंत वाटते.

नोव्हेंबर १९१८ मधे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. मुलं त्यांच्या तासाला गर्दी करत, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेऊ नये अशी काही सहकाऱ्यांची इच्छा होती. त्यांनी काटकसर करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मधे राहिलेला अभ्यास पुरा करायला ते पुन्हा लंडनला गेले. मधल्या काळात ‘मूकनायक’ सुरू झालं होतं. घरी रमाबाई संसार कसा चालवत होत्या, ते आपण सगळे जाणतोच.

लंडनचे ते दिवस चरित्रकारांनी लिहून ठेवलेत. सकाळी पावाचा तुकडा आणि थोडं काही पोटात घालून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं, तिथं दार बंद होईपर्यंत वाचायचं. दुपारच्या जेवणाला सुट्टी, कारण पैसेच नसत. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. १९२१ मधे एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ ला बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं. आणि ऑक्टोबरमधे डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला, रुपयाच्या प्रश्नावर.

आता हा रुपयाचा प्रश्न. मला तो कळायला चार दिवस लागले, म्हणून तुम्हाला जमेल तितका सोपा करून सांगतो.

आपला रुपया चांदीचा आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं, इतर देशही त्याच वाटेनं गेले आणि चांदीचा भाव घसरत गेला. चांदी घसरली की रुपयाही घसरला. हिंदुस्थान सरकारला तर दर वर्षी इंग्लंडला पौंडांत पैसे पाठवावे लागत. व्याज, पेन्शनी, लंडनच्या कचेरीचा खर्च, सगळं पौंडांत. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, म्हणजे रयतेवर जास्त कर. म्हणून १८९३ मधे सरकारनं टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता रुपये किती पाडायचे हे सरकार ठरवू लागलं आणि दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणून बांधला. देशात व्यवहार रुपयात आणि परदेशाशी हिशेब सोन्याच्या दरानं, अशी ही सुवर्ण विनिमय पद्धत.

जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९१३ मधे पुस्तक लिहून या पद्धतीची तारीफ केली होती. पुढं केन्स जगात गाजला. लंडनमधे शिकणाऱ्या आंबेडकरांनी तोच इतिहास, तेच आकडे तपासले आणि उलटा निष्कर्ष काढला. परदेशातला दर स्थिर दिसतोय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, देशात महागाई किती वाढली ते बघा, असा त्यांचा मुद्दा. रुपये किती काढायचे ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोपवलं की ते वाटेल तेवढे काढणार, भाव चढणार, आणि त्याची झळ मजुरीवर जगणाऱ्याला सगळ्यांत आधी लागणार. म्हणून सरकारचाही हात बांधा, नवे रुपये पाडणं बंद करा आणि सोन्याचं चलन आणा, असं त्यांनी सुचवलं.

यातलं त्यांचं सगळंच बरोबर होतं का? सोन्याला बांधलेली चलनं पुढं दहा-पंधरा वर्षांत जगभर मोडली, तेव्हा त्यांच्या उपायावर आज वाद घालता येईल. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनीही प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणानं लिहिलेत. पण चलनाचा विचार करताना गरिबाच्या ताटापासून सुरुवात करायची, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

प्रबंधातली सरकारवरची टीका परीक्षकांना झोंबली. मार्च १९२३ मधे तो पुन्हा लिहून द्या असं सांगण्यात आलं. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, निष्कर्ष न बदलता मजकूर पुन्हा लिहिला, पाठवला, आणि वर्ष संपायच्या आत पदवी मिळाली. डिसेंबरमधे पुस्तक निघालं. ते आईवडिलांना अर्पण केलंय.

पुढं १९२५ मधे चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग नेमला गेला. त्याच्यापुढं १५ डिसेंबर १९२५ ला आंबेडकरांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकामुळं स्थापन झाली असं आपल्या भाषणांत हमखास असतं. मी ते वाक्य मुलांच्या वहीत थोडं दुरुस्त करतो. मध्यवर्ती बँकेची शिफारस या आयोगानं १९२६ मधे केली आणि बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. आयोगानं अनेकांचं ऐकलं, त्यांत आंबेडकरांची साक्ष होती आणि ती वजनदार होती. एवढं खरं सांगितलं तरी त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

तेव्हा देशभर वाद पेटला होता तो एकाच प्रश्नावर, की रुपया १ शिलिंग ४ पेन्स ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्स? नुसते दोन पेन्स. पण गणित करून बघा. एका पौंडात २४० पेन्स. रुपया १६ पेन्सचा असेल तर पौंडाचे १५ रुपये होतात. तोच १८ पेन्सचा केला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. आता समजा, अमरावतीचा कापूस विलायतेत एका पौंडाला विकला गेला. कापूस तोच, तिकडचा भाव तोच, पण दर बदलला की कापूसवाल्याच्या हातात १ रुपया १० आणे ८ पै कमी येणार. म्हणून व्यापारी आणि गिरणीवाले स्वस्त रुपया मागत होते. आंबेडकरांनी त्याची दुसरी बाजू पुढं आणली. रुपया स्वस्त झाला की बाजारात सगळंच महागतं. ज्याच्याकडं विकायला कापूस नाही, फक्त दिवसाची मजुरी आहे, त्याच्या मजुरीत ज्वारी कमी येते. आपल्याकडं तर दोन्ही माणसं एकाच वावरात उभी असतात, एक धुऱ्यावर आणि एक तासात. १९२७ मधे सरकारनं १ शिलिंग ६ पेन्स कायद्यानं पक्का केला.

१९२७ हेच वर्ष लक्षात ठेवा. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे छापलेला प्रबंध जमा करावा लागे, म्हणून त्यांची पीएच.डी. रीतसर मिळाली ती याच वर्षी जूनमधे. त्याआधी मार्चमधे महाडचं तळं झालं होतं. आणि नोव्हेंबरमधे ते आपल्या अमरावतीत आले. अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून इथं चळवळ सुरू झाली होती. इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, आंबेडकर अध्यक्ष होते. परिषद चालू असतानाच मुंबईत थोरले भाऊ बाळाराम वारल्याची तार त्यांच्या हाती पडली.

राजापेठेतून अंबादेवीला आपण पायी जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलाला एवढं सांगा, की दोन खंडांतल्या दोन नामवंत विद्यापीठांचा डॉक्टर या गावात आला होता, आणि या देवळात जायचा हक्क आपल्या माणसांना मिळावा म्हणून त्याला परिषद घ्यावी लागली होती.

त्यानंतरचं राजकारण, गोलमेज परिषदा, पुणे करार, मजूर मंत्रिपद, हे पाठ्यपुस्तकात आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पण संशोधकाची सवय सुटली नव्हती. १९४० मधे त्यांनी पाकिस्तानच्या मागणीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया कसे फुटले ते समोर ठेवून आपला प्रश्न तपासला. १९४६ मधे त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण आपल्या माणसांसाठीही तोच मार्ग घ्यावा का, याचा ते विचार करत होते. ड्यू बॉइस यांनी जुलैमधे उत्तर पाठवलं. संयुक्त राष्ट्रं स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचं हे नवं दार कोणाकोणाला उघडेल, हे ते चाचपून बघत होते.

जून १९४७ मधे हैदराबाद आणि त्रावणकोर स्वतंत्र व्हायची भाषा बोलू लागले. आंबेडकरांनी निवेदन काढून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे सांगितलं, की इंग्रज गेले म्हणून संस्थानं आपोआप सार्वभौम होत नाहीत, आणि संयुक्त राष्ट्रं आपल्याला मान्यता देतील या भरवशावर त्यांनी राहू नये. वऱ्हाडाला हा वाद परका नव्हता. १८५३ च्या तहानं आपला मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ मधे तो सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला गेला, पण कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचंच राहिलं. १९३६ पासून निजामाच्या युवराजाला वऱ्हाडचा राजपुत्र हा किताबही होता. तेव्हा आमचे आजोबा नेमके कोणाची प्रजा होते, हासुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याचाच प्रश्न होता.

१९५१ मधे त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल हे कारण सगळ्यांना माहीत असतं. राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरची नाराजीही आहे आणि तीसुद्धा आकड्यांत आहे. वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी आणि त्यातले एकशे ऐंशी कोटी एकट्या लष्करावर. आपल्याला जगात मित्र नाहीत म्हणून हा खर्च करावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्हाला ते पटो न पटो, परराष्ट्र धोरणाची किंमत रुपयांत मोजून दाखवणारा हा मंत्री मुळातला अर्थशास्त्रज्ञ होता, हे तिथं दिसतं. १९५२ मधे कोलंबियानं त्यांना बोलावून मानाची डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

आठवीच्या वर्गात मी हल्ली भाषणाआधी ते पौंडाचं गणित फळ्यावर घालतो. १६ पेन्स आणि १८ पेन्स. आणे-पै समजावायला पाच मिनिटं जास्त लागतात, बाकी मुलं स्वतः करतात. गेल्या खेपेला एका मुलीनं उत्तर काढलं आणि विचारलं, की तिच्या बाबांचा कापूस आता डॉलरच्या दरानं विकला जातो का. जिनिंगवाल्याला विचारून ये, असं मी तिला सांगितलंय.